पहिल्या तीन दिवसांचा गल्ला आणि मराठी प्रेक्षकाची आवड

पडद्यासमोर (धागाकर्ता)

दर सोमवारी सकाळी नव्या चित्रपटांच्या पहिल्या तीन दिवसांच्या कमाईचे आकडे येतात आणि दुपारपर्यंत त्यांवरून निकालही लागलेला असतो. अमुक चालला, तमुक पडला, प्रेक्षकांना आता हेच हवे आहे आणि ते नको आहे, असे ठामपणे लिहिले जाते. गेली काही वर्षे मी मराठी चित्रपटांचे हे आकडे वहीत उतरवून ठेवतो आहे. त्यावरून माझे असे मत झाले आहे की, शुक्रवार ते रविवारचा आकडा आवड मोजतच नाही. किती खेळ मिळाले, तिकिटाचा दर काय होता आणि प्रेक्षकाला चित्रपटाची आधीपासून किती माहिती होती, एवढेच तो सांगतो. आवड सोमवारी दिसू लागते आणि दुसऱ्या रविवारी पक्की होते.

‘बाईपण भारी देवा’ हे माझे मुख्य उदाहरण आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ३० जून २०२३ रोजी तो लागला. मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट आहे. त्यांत एकही तरुण नायिका नाही आणि ज्याच्या नावावर तिकिटे खपावीत असा नायकही नाही. पहिल्या तीन दिवसांत त्याने साधारण साडेसहा कोटी रुपये मिळवले. ‘सैराट’ने २०१६ मध्ये पहिल्या तीन दिवसांत १२ कोटींच्या आसपास आणि ‘वेड’ने डिसेंबर २०२२च्या अखेरीस १० कोटी मिळवले होते. त्या हिशेबाने पाहिले तर ‘बाईपण’ची सुरुवात बरी होती, एवढेच कोणी म्हटले असते. परंतु दुसऱ्या शनिवार-रविवारची कमाई पहिल्याच्या दुप्पट झाली आणि त्या दुसऱ्या एकट्या रविवारी त्याने सहा कोटींच्या वर गल्ला जमवला. म्हणजे पहिल्या तिन्ही दिवसांत मिळून जेवढे मिळाले, जवळजवळ तेवढे दहाव्या दिवशी एका दिवसात मिळाले. मराठी चित्रपटाची एका दिवसाची ती तोवरची सर्वांत मोठी कमाई होती. त्याआधीचा उच्चांक ‘वेड’चा होता आणि तोही दुसऱ्या रविवारचाच होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मधल्या आठवड्यात काय घडले, ते मी घरातच पाहिले. माझ्या आईच्या भिशीत चौदाजणी आहेत. त्यांतल्या एकीने पहिल्या रविवारी सुनेबरोबर चित्रपट पाहिला आणि सोमवारी सकाळी गटावर एवढेच लिहिले की, ‘सगळ्यांनी मिळून जायचे आहे, मी पुन्हा येते.’ त्यानंतर दिवस ठरवण्यात तीन दिवस गेले. एकीच्या नातवाची शाळा, दुसरीच्या सासऱ्यांचे डायलिसिस, तिसरीचा गुरुवारचा उपास, असे सगळे सांभाळून पुढच्या बुधवारी दुपारचा खेळ ठरला. आईने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चौदा नावे लिहिली आणि ज्यांचे पैसे आले त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली. त्या चौदाजणींपैकी दोघी अकरा-बारा वर्षांनी थिएटरात पाऊल टाकत होत्या. हा प्रेक्षक पहिल्या शुक्रवारी येऊच शकत नाही, कारण त्याला आधी गोळा व्हावे लागते.

माझी खरी काळजी ज्यांना दुसरा रविवार मिळतच नाही, त्या चित्रपटांविषयी आहे. मागच्या वर्षी एका मराठी चित्रपटाच्या पाचव्या दिवशी, मंगळवारी, आम्ही सहाजण शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये गेलो. किमान दहा तिकिटे गेल्याशिवाय खेळ होणार नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले. आम्ही वीस मिनिटे थांबलो. आणखी तिघे आले, म्हणजे नऊजण झाले. खेळ रद्द झाला आणि पैसे परत मिळाले. शुक्रवारी तो चित्रपट त्या शहरातून उतरला होता. त्या नऊजणांची नोंद कोठल्याच आकड्यात झाली नाही. सदस्यांनी आपापले अनुभव आणि मतभेद अवश्य मांडावेत.

तिकीटखिडकी

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकपडदा चित्रपटगृहात सतरा वर्षे बुकिंगला होतो. आता ते बंद झाले असून तिथे मंगल कार्यालय आहे. त्यामुळे जे पाहिले ते मोकळेपणाने सांगतो.

रोज रात्री शेवटचा खेळ सुरू झाला की आम्ही दिवसाचा कलेक्शन रिपोर्ट भरत असू. बाल्कनी, स्टॉल, प्रत्येक खेळाचे पहिले तिकीट क्रमांक, शेवटचे तिकीट क्रमांक, वजा परत केलेली तिकिटे, असे ते रकाने असत. वितरकाचा माणूस तो दुसऱ्या दिवशी फोनवर घेई. त्याला फक्त शेवटची रक्कम हवी असे. त्या कागदावर न येणाऱ्या गोष्टी आम्हाला खिडकीतून दिसत. कोणता चेहरा दुसऱ्यांदा आला, कोण मागच्या वेळी मित्रांबरोबर आला होता आणि आता आईला घेऊन आला आहे, हे तिकीट फाडतानाच कळे. माणूस आईला घेऊन परत आला की चित्रपट चालणार, हे आम्ही दुसऱ्याच दिवशी ओळखत असू.

दुसरी गोष्ट बाजाराची. आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. वाड्यावस्त्यांवरची माणसे त्या दिवशी गावात येतात, हातात चार पैसे असतात आणि बाजार उरकला की दुपारचा खेळ बघून शेवटच्या एसटीने परत जातात. आमचा सर्वांत मोठा गल्ला रविवारी नव्हे, तर गुरुवारी होत असे. आता शुक्रवारी नवा चित्रपट लावायचा म्हणजे जुना गुरुवारी रात्री उतरवायचा आणि ठेवायचा की उतरवायचा याचा निर्णय सोमवारीच झालेला असायचा. म्हणजे आमचा खरा प्रेक्षक खिडकीवर येण्याच्या तीन दिवस आधीच त्याच्या आवडीचा निकाल लागलेला असे. मी मालकांना हे कितीदा तरी सांगितले. त्यांना पटतही असे, पण पुढच्या चित्रपटाचे पैसे आधीच भरलेले असत.

‘सैराट’च्या वेळी मात्र कोणाचेच काही चालले नाही. लोक टेम्पो करून आले. आमच्याकडे चारऐवजी सहा खेळ झाले. साताऱ्याजवळ रहिमतपूरला तर मध्यरात्री बारा आणि पहाटे तीनचेही खेळ लावावे लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. पण ‘सैराट’सारखा चित्रपट आपली वाट स्वतःच करून घेतो. प्रश्न त्याच्या खालच्या चित्रपटांचा आहे.

करवीर

धागाकर्त्यांचे म्हणणे अर्धे पटते आणि उरलेल्या अर्ध्यावर माझा आक्षेप आहे. पहिल्या तीन दिवसांचा आकडा आवड मोजत नाही, असे सरसकट म्हणता येणार नाही. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ रोजी लागला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने देशभरात शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. भाषा हिंदी, दिग्दर्शक आणि विषय मराठी, आधार शिवाजी सावंतांच्या कादंबरीचा. महाराष्ट्रात त्याचे खेळ भल्या पहाटेपासून लागले आणि तेही भरले. हे सारे लोक शुक्रवारी, कोणी काही सांगण्याच्या आत, स्वतःहून आले होते. ही आवड नाही तर काय आहे? ‘पावनखिंड’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, तेव्हाही असेच घडले. ‘नटसम्राट’ १ जानेवारी २०१६ रोजी लागला, तेव्हा नाट्यगृहांतून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली स्वगते पडद्यावर पाहण्यासाठी लोक पहिल्याच दिवशी रांगेत होते.

माझ्या मते दोन प्रकारच्या आवडी आहेत. एक प्रेक्षक घरून घेऊन येतो आणि दुसरी त्याला थिएटरात लागते. संभाजी महाराजांविषयीचा जिव्हाळा किंवा शिरवाडकरांच्या नाटकाची ओढ ही पहिल्या प्रकारची आहे. तिला शुक्रवार पुरतो. सहा अनोळखी बहिणींविषयीची माया दुसऱ्या प्रकारची आहे आणि ती लागायला आठवडा लागतो. पहिल्या तीन दिवसांचा आकडा पहिलीपुरता खरा आहे. तो दुसऱ्या प्रकारच्या चित्रपटाला लावला की अन्याय होतो.

हिशेबनीस

इथे कोटींचे आकडे दिले जात आहेत म्हणून थोडा हिशेब मांडतो, कारण निर्मात्याच्या हातात काय पडते हे कळल्याशिवाय पहिल्या आठवड्याचा हट्ट कशासाठी असतो, ते उलगडणार नाही.

समजा, मल्टिप्लेक्सचे तिकीट २३६ रुपयांचे आहे. शंभर रुपयांवरील तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. तो वजा केला की २०० रुपये उरतात. बातम्यांत कधी २३६चा हिशेब असतो, कधी २००चा, आणि दोन चित्रपटांची तुलना करताना एकाचा ढोबळ आणि दुसऱ्याचा निव्वळ आकडा शेजारी ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. आता या २०० रुपयांची वाटणी पाहा. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने चाललेल्या वादानंतर वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के असा ठरला. मल्टिप्लेक्समध्ये वाटणी साधारणपणे याच धर्तीवर चालत आली आहे. म्हणजे तेच २०० रुपये पहिल्या आठवड्यात आले तर वितरकाकडे १०० जातात, दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ७५ आणि चौथ्यात ६०.

याचा अर्थ असा की, धागाकर्त्यांच्या आईंच्या चौदा तिकिटांतले प्रत्येक तिकीट निर्मात्याच्या बाजूला पहिल्या शुक्रवारच्या तिकिटापेक्षा पंधरा रुपये कमी देऊन गेले. जो चित्रपट लोकांच्या तोंडून वाढत जातो, त्याला वाढीच्याच आठवड्यांत वाटा कमी मिळतो. त्यामुळे निर्माता असेल नसेल तो पैसा पहिल्या तीन दिवसांच्या जाहिरातीवर लावतो आणि चौथ्या दिवशी, जेव्हा ‘अजून चालू आहे’ एवढे सांगायची गरज असते, तेव्हा त्याच्याकडे फलक लावायलाही पैसे उरलेले नसतात.

आणखी एक बाब सांगायला हवी. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येण्यापूर्वी महाराष्ट्रात हिंदी चित्रपटांवर ४५ टक्के करमणूक शुल्क होते आणि मराठी चित्रपट त्यातून मुक्त होते. तो फरक एका रात्रीत गेला. ‘सैराट’ आणि त्यानंतरचे चित्रपट यांच्या आकड्यांची तुलना करताना हे लक्षात ठेवावे लागते.

सातासमुद्रापार

परदेशात तर एकच खेळ असतो. आमच्या इथले महाराष्ट्र मंडळ रविवारी दुपारी एक पडदा भाड्याने घेते, नावे आधी मागवते आणि सत्तर जण झाले तरच चित्रपट येतो. इथे आवड आधी कळवावी लागते, म्हणून आम्ही भारतातल्या पहिल्या सोमवारच्या बातम्यांवर अवलंबून राहतो. त्या बातम्या पाहून आम्ही जे चित्रपट नाकारले, त्यांतले दोन नंतर घरी पाहताना फार वाईट वाटले.

ओवी

मी ‘बाईपण’ दोनदा पाहिला, एकदा बहिणींबरोबर आणि एकदा शाळेतल्या सहकारी शिक्षिकांबरोबर. दुसऱ्या वेळी आमच्या मागच्या दोन्ही रांगांत नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या आणि काळे चष्मे लावलेल्या बायका होत्या. चित्रपट संपल्यावर त्या पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत फुगड्या घालू लागल्या. सफाईचा मुलगा झाडू घेऊन दारात उभा होता. तो आत आला नाही. त्यांचे होईपर्यंत थांबला.

त्या यशावरून व्यवसायाने काढलेला निष्कर्ष मात्र मला खटकतो. ‘बायकांचे चित्रपट चालतात’ असे म्हटले गेले. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ला बायकांनी गर्दी केली, तेव्हाही असेच म्हटले गेले होते आणि मग साडी, कुंकू आणि सासुरवास यांचे चित्रपट ओळीने आले. आपल्याला काय आवडले, हे तेव्हा कोणी विचारले नाही. आम्हाला मंगळागौर आवडली म्हणून आम्ही गेलो नाही. मंगळागौर आम्ही घरी खेळतो. एकमेकींशी बोलणे टाकलेल्या बहिणी आम्ही घराघरांत पाहतो, आणि त्यांच्यातल्या अढीचे कारण बहुतेक वेळा एवढेसे असते. ते कोणीतरी नीट, कोणालाही वाईट न ठरवता दाखवले, म्हणून मी माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला आणि आम्ही दोघी गेलो. चार वर्षे आमचे येणे-जाणे नव्हते.

हीच खूण १९ नोव्हेंबर २०२१ रोजी ‘झिम्मा’ने दिली होती. थिएटरे नुकतीच २२ ऑक्टोबरला उघडली होती, निम्म्याच खुर्च्या भरण्याची परवानगी होती, घराबाहेर पडायची भीती पुरती गेलेली नव्हती आणि तरीही इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या बायकांचा तो चित्रपट आठवड्यांमागून आठवडे चालला. पहिल्या तीन दिवसांचा आकडा पाहणाऱ्यांना त्यात काही दिसले नाही. दीड वर्षाने ‘बाईपण’ आला, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटले.

तळकोकण

‘दशावतार’चा अनुभव लिहितो. तो १२ सप्टेंबर २०२५ रोजी लागला. दिलीप प्रभावळकरांसारखे ज्येष्ठ नट मध्यवर्ती भूमिकेत, आमच्याकडची लोककला आणि आमच्याकडच्या जमिनीचा प्रश्न, असा तो विषय. शुक्रवारची कमाई लाखांत होती आणि रविवारची कोटींत. आमच्या सिंधुदुर्गात पडदे मोजके असल्यामुळे आम्ही गोव्यात पर्वरीला जाऊन पाहिला. गाडीत पुढे बसलेले माझे काका स्वतः दहीकाल्यात, म्हणजे दशावताराच्या खेळात, संकासुराची भूमिका करत असत. येताना ते बांद्यापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘रंग लावतानाचो हात बरोबर दाखवल्यान.’

जिथे ही कला जगते तिथे पडदा नाही, म्हणून तिथल्या आवडीचा आकडाही नाही. आम्ही गोव्यात काढलेली तिकिटे गोव्याच्या खात्यावर गेली.

जुनी मॅटिनी

माझे वय ७८ आहे, म्हणून मागचे थोडे सांगतो. आमच्या तरुणपणी चित्रपटाचे यश कोटींत कोणी सांगत नसे, आठवड्यांत सांगत. ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला, हे आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकत आलो. १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षांच्या आसपास ठाण मांडून होता. दादा कोंडक्यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे प्रत्येक चित्रपट पंचवीस आठवडे एका पडद्यावर टिकला. आठवडा हे माप घेतले की चित्रपट किती लोकांनी दुसऱ्याला सांगितला, ते आपोआप त्यात येते. रुपया हे माप घेतले की तिकीट महाग झाले तरी यश वाढल्यासारखे दिसते. लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात गिरणीची पाळी सुटल्यावर येणारा माणूस आणि आज चारशे रुपयांच्या आरामखुर्चीवर बसणारा माणूस या दोघांची आवड रुपयांत मोजली, तर पहिल्याचे मत नेहमीच हलके ठरेल.

पडद्यासमोर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. करवीर यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि माझे विधान मी सुधारून घेतो. घरून आणलेली आवड शुक्रवारी दिसते आणि थिएटरात लागलेली आवड सोमवारनंतर दिसते. ओवी यांनी बहिणीविषयी जे लिहिले, ते वाचून आईला दाखवले. तिने ते दोनदा वाचले.

जुनी मॅटिनी यांच्या म्हणण्यावरून एक सुचवावेसे वाटते. आपण इथे दर चित्रपटाच्या तीनच नोंदी ठेवू या. पहिल्या सोमवारची कमाई शुक्रवारच्या किती पट होती, दुसऱ्या रविवारी आपल्या गावात त्याचे किती खेळ उरले होते आणि तो कोणत्या आठवड्यात उतरला. शेवटच्या दोन गोष्टी कोठल्याही बातमीत येत नाहीत, पण आपल्यापैकी प्रत्येकाला गावातल्या थिएटरच्या फलकावर त्या दिसतात. मी पुण्यातल्या चार चित्रपटगृहांपासून सुरुवात करतो.

तिकीटखिडकी

माझी वही मीही काढतो. थिएटर बंद होताना जुन्या कलेक्शन रिपोर्टांच्या कार्बन प्रती मालक रद्दीत घालणार होते, त्या मी घरी आणून ठेवल्या आहेत. २००४ ते २०१९पर्यंतच्या आहेत, मधली दोन वर्षे वाळवीने खाल्ली. त्यांत प्रत्येक दिवसाच्या प्रत्येक खेळाची तिकिटे आहेत, रुपये नव्हे, माणसे. येत्या गुरुवारपासून दर आठवड्याला एका चित्रपटाची पाने इथे उतरवतो. बाजारच्या दिवसाचे आकडे वेगळ्या ओळीत लिहीन.